शोकेसमधला धोटा

आमच्या शोकेसमध्ये काचेमागे तीन वस्तू वर्षानुवर्षं बसून आहेत. बाबांना चाळीच्या कॅरम स्पर्धेत मिळालेला कप, भावाच्या लग्नात आलेली राधाकृष्णाची जोडी आणि धोटा. पहिल्या दोन वस्तूंकडे पाहुणे बघतही नाहीत. धोट्याकडे मात्र हमखास बोट जातं. "होडी आहे का?" असं विचारणारे बरेच. एका काकांनी तर "लाटणं असं कसं हो तुमचं?" म्हणून विचारलं होतं.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडीच. आमचा धोटा जवळजवळ दोन विती लांब आहे. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, पोट कोरून पोकळ केलेलं. त्या पोकळीत सुताची कांडी बसते. एका कुशीला चिनी मातीचा छोटा डोळा आहे, त्यातून धागा बाहेर पडतो. लाकूड हाताळून हाताळून तुपात बुडवून काढल्यासारखं गुळगुळीत झालंय. आणि कांडी बसायची त्या पोटात चौपदरी घडी घातलेला एक कागद आहे. आजोबांचा गेटपास. गिरणीतून सुताचा तुकडा बाहेर न्यायचीही चोरी, सुटताना दारावर झडती व्हायची. निवृत्त होताना आजोबांनी हा झिजलेला धोटा मागून घेतला आणि रीतसर कागद करून घेतला. निळी शाई आता जांभळट झालीय, पण वाचता येतं : "निकामी धोटा, नग १".

आजोबा कणकवलीकडचे. १९४६ साली बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. 'बंडाच्या साली' असं ते म्हणायचे. फेब्रुवारीत नाविकांचं बंड झालं, त्यांना पाठिंबा म्हणून गिरण्या बंद पडल्या, परळमध्ये गोळीबार झाला आणि त्यात कमल दोंदे गेल्या. आजोबा पोचले तेव्हा त्या गोळीबाराच्या गोष्टी गाळ्यात ताज्या होत्या. गाळा म्हणजे एकाच गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. वीस-पंचवीस जणांची वळकटी एकाच खोलीत, पण तिथे सगळे एका वेळी कधीच झोपायचे नाहीत. सातची पाळी उठली की रातपाळीवाले आडवे होणार. भिंतीला खुंट्या, खुंटीला पिशव्या, आणि महिन्याच्या महिन्याला गावच्या देवळासाठी वर्गणी. लग्न झाल्यावर आजी आली आणि लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली मिळाली. त्या खोलीत आजी चौदा जणांची खानावळ चालवायची. गिरणगावातल्या अशा हजारो बायका सावकाराच्या व्याजाखाली पिचत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. आजीनेही तेव्हाच पहिल्यांदा बँकेत अंगठा उठवला. त्याआधी तिच्या बांगड्या वर्षातून दोनदा मारवाड्याकडे जाऊन यायच्या.

मला आठवतात ते निवृत्त झालेले आजोबा. रविवारी दुपारी जेवणं झाली की ते शोकेस उघडायचे. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "तेका हात लावू नको गो, आजाची आठवण हा ती!" आजोबा समोर धडधाकट बसलेले असताना त्यांची आठवण कसली, हे मला कळायचं नाही. आजोबा आजीच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ काढायचे, धोट्याच्या पोटातून धागा डोळ्यापाशी धरायचे आणि बाहेरच्या बाजूने डोळ्याला तोंड लावून श्वास आत ओढायचे. 'सुक्क' असा आवाज यायचा आणि धागा त्यांच्या ओठांत. जादूच वाटायची. मी कित्येकदा करून पाहिलं, मला फक्त लाकडाची तेलकट चव लागायची.

"दिवसातून किती वेळा, आजोबा?"

ते हसायचे. कांडी काही मिनिटांत संपते. दोन माग, म्हणजे दोन धोटे. पाळी आठ तासांची. हिशेब मांडायला गेलं तर आकडा शेकड्यात जातो. प्रत्येक ओढीबरोबर सुतावरची खळ आणि कापसाचा भुगा घशात. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात, म्हणजे माग चालायचे तिथे, हवा मुद्दाम दमट ठेवलेली असायची. आणि आवाज असा, की माणसं बोटांनी आणि ओठांच्या हालचालीनेच बोलायची. आजोबा म्हणूनच घरात कायम मोठ्याने बोलायचे. चाळीतल्या अर्ध्या पुरुषांचा आवाज तसाच होता. आमच्याकडे गुपित असं काही राहायचंच नाही. शेवटची चार वर्षं आजोबा खोकत होते. १९८९ साली गेले.

हा धोटा आमच्या घराची प्रतिष्ठा होती. 'आम्ही साचेवाले' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. साचा म्हणजे माग, आणि साचेवाला म्हणजे विणकर, गिरणीतला वरचा माणूस. त्याचा पगार त्रासणखात्यातल्या, म्हणजे सूत कातणाऱ्या कामगारापेक्षा बरा. लग्नाच्या बैठकीतसुद्धा 'मुलगा साच्यावर आहे' असं सांगितलं की माप झुकायचं. मी या सगळ्यावर शाळेत निबंध लिहिलाय, कॉलेजात भाषण केलंय, आणि खरं सांगायचं तर गिरणगावाच्या आठवणींचे दोन-तीन लेखही लिहिलेत. चाळ, भोंगा, भजन, एकोपा. असे लेख सोपे असतात. वाचणारे डोळे पुसतात, लिहिणाऱ्याचं बरं होतं.

गेल्या दिवाळीत ऑफिसमधली एक मैत्रीण डोंबिवलीला आमच्याकडे फराळाला आली. ती डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलेली. रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग होऊन जमाना झाला, पण ती आणि मी, दोघी डिलाईल रोडच म्हणतो. शोकेसपुढे ती थांबली. आता 'होडी का' म्हणून विचारणार असं मला वाटलं.

"धोटा ना?" ती म्हणाली. "माझे आजोबा पस्तीस वर्षं गिरणीत होते. त्यांना याला हात लावायला कधी मिळालं नाही."

मी मूर्खासारखं विचारलं, "का? त्रासणीत होते?"

"त्रासणीत होते. आम्ही सगळेच त्रासणीत होतो. का ते तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. म्हणजे वाचलं होतं. पण ते पुस्तकातलं वाचणं आणि आमच्या शोकेसमधला हा धोटा, यांची गाठ मी कधी घातली नव्हती.

कारण त्या 'सुक्क'मध्येच आहे. कांडी बदलली की धागा तोंडाने ओढायचा, म्हणजे धागा उष्टा होणार. तो धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. महाराचं उष्टं मराठ्याने कसं लावायचं? म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात येऊ द्यायचं नाही. गिरणीच्या कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं. मालकाला कापड विणून हवं होतं, विणणाऱ्याची जात त्याने विचारली नसती. अडवणारे होते बाजूच्या मागावरचे कामगार. आणि अडवणं फार सोपं होतं, कारण नोकरी द्यायची ती जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आणणार, वर दस्तुरीही घेणार. कणकवलीच्या माणसाला लालबागला माग मिळायचा तो याच वाटेने. आजोबांना मिळाला तोही असाच. गाळ्यातल्या एका चुलत काकाचा शब्द जॉबरकडे चालत होता. हे कौतुकाने सांगायची पद्धत होती आमच्याकडे.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. एकाच छपराखाली दोन पाणवठे.

बाबासाहेब आंबेडकर परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ राहिले. लालबागपासून चालत पंधरा मिनिटं. तिथून जवळच दामोदर हॉलमध्ये त्यांचं कार्यालय होतं. म्हणजे धोट्याची गोष्ट त्यांना अहवालातून कळायची गरजच नव्हती, ती खालच्या मजल्यावरून, जिन्यातून, नळावरून कानावर येत होती. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. सहा महिने चालला. त्यामागचं एक कारण असं, की काही गिरण्यांनी एका विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला लावले होते. गिरणी कामगार युनियनने त्या संपात जो जोर दाखवला तो मुंबईने आधी पाहिला नव्हता. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही नावं घराघरांत गेली. पुढच्याच वर्षी मीरतच्या खटल्यात त्यांना धरलं. बाबासाहेबांनी त्या संपाच्या काळात पुढाऱ्यांपुढे साधा प्रश्न ठेवला : सगळ्या खात्यांत काम करायचा आमच्या माणसांचा हक्क तुम्ही मागण्यांत घालणार की नाही? घालणार नसाल तर आमच्या लोकांनी संपात का उतरावं? कुरकुरत का होईना, मागणी यादीत गेली. मालकांनी हात वर केले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, याचीच जास्त लाज वाटते.

पुढे दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, हेच दोन्ही पक्ष एका संपात उतरले. संपाच्या हक्कावर घाला घालणारं औद्योगिक कलह विधेयक सरकारने आणलं होतं. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले, कामगार मैदानावर सभा झाली. त्या दिवशी मैदानात बसलेले साचेवाले दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले तेव्हा मागाशेजारी कुणाला उभं राहू देत होते? धोटा सांगू शकला असता.

मैत्रीण फराळ करत होती. बाबा शेजारी बसून चकली मोडत होते, पण खात नव्हते. सत्याहत्तर वर्षांचे आहेत आता, ऐकू कमी येतं. हे मात्र ऐकू आलं असावं.

विचित्र म्हणजे, या गिरण्यांतल्या कामगारांना पहिल्यांदा एकत्र बांधणारा माणूस जात मोडायला निघालेल्यांतला होता. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, काही काळ एका गिरणीत भांडारपाल. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली आणि दोन वर्षांत ती चालू झाली. तिथून तीस वर्षांत मुंबईचा उत्तर भाग धुरांड्यांनी भरून गेला. पण कामाच्या तासांना धरबंद नव्हता. सूर्य उगवला की यंत्र चालू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून पाळीही मोठी. सणाखेरीज सुट्टी नाही. लोखंडे १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' हे साप्ताहिक चालवत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. अंगठ्यांच्या त्या काळात साडेपाच हजार! २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. वार ठरला रविवार. रविवार तो खंडोबाचाही वार, हे आमच्या चाळीत सगळे आवर्जून सांगायचे, साहेबाच्या चर्चचा वार असेल तर असू दे. लोखंड्यांनी न्हाव्यांनाही संघटित केलं, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून त्यांच्याकडून संप करवला. १८९६ ला प्लेग आला, ते रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने गेले. वय जेमतेम अठ्ठेचाळीस.

आजोबा धोटा काढायचे तो रविवार त्यांनी दिलेला होता. आजोबांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. लोकमान्यांचं होतं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद होत्या, हे ते स्वतः पाहिल्यासारखं सांगायचे, तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नसताना. बाबू गेनूचंही नाव होतं. गिरणीतला हा पोरगा १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे काळबादेवीत आडवा झाला होता. लोखंडे मात्र नाहीत.

संपाबद्दल लिहायचं तर तो वेगळाच लेख होईल, आणि तो मी आधी लिहिलाय. थोडक्यात एवढंच. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत. साठाच्या आसपास गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. १९४६ च्या कायद्याप्रमाणे बोलणी करायचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार तर त्या संघाला कंटाळूनच सामंतांकडे गेलेले. म्हणजे ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलायला कायद्याने मनाई. बाबा तेव्हा कायम होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी सहा वर्षं बदली कार्ड खिशात ठेवून रोज सकाळी दारावर उभं राहायचं, नाव पुकारलं तर पाळी, नाही तर घरी. आजीची खानावळ तीन महिन्यांत बसली, जेवणारेच गावी गेले. बाबा दोन पावसाळे गावी भात लावून आले, मग अंधेरीला एका सोसायटीत वॉचमन. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. बाबा गंमत म्हणून सांगतात, "मी अजून संपावरच आहे."

आता लोअर परळला गिरणीच्या जमिनींवर काय काय उभं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आणि मैत्रीण तिथल्याच एका इमारतीत काम करतो, बाराव्या मजल्यावर. पाळ्या भरायच्या त्या अरुंद पुलांवरून आम्हीही आलो-गेलो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगरून तेवीस माणसं गेली, त्या दिवशी मी अर्ध्या तासाने मागे होते. स्टेशनचं नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झालं.

मैत्रिणीने शोकेसकडे परत बघत विचारलं, "तुमचा घराचा अर्ज आहे ना म्हाडाकडे?"

आहे. १ जानेवारी १९८२ ला पटावर असलेल्या कामगारांच्या घरांसाठी जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली, सात हजारांच्या आसपास घरांची, अर्ज लाखाच्या वर. आमचा नंबर त्या वेळी लागला नाही, नंतरही नाही. पण अर्ज तरी आहे. बाबांचं तिकीट, हजेरी कार्ड, फंडाची पावती, सगळं आजीने बिस्किटाच्या डब्यात जपलेलं.

"आमच्याकडे काहीच नाही," ती म्हणाली. "बाबांची कागदपत्रं गिरणीतच राहिली. नंतर मागायला गेले तर गिरणीच नव्हती."

तिने गेटपासची घडी उलगडून वाचली. "निकामी धोटा," ती मोठ्याने म्हणाली आणि हसली. मी काय बोलावं ते मला सुचेना. शेवटी बाबांनाच विचारलं, जरा मोठ्याने, "बाबा, तुमच्या खात्यात कोणी होतं का हो? ह्यांच्यातलं?"

'ह्यांच्यातलं' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मला तो तिथल्या तिथे परत घ्यावासा वाटला. मैत्रिणीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाबांनी चकली बशीत ठेवली. "माझ्या वेळेला आले होते दोघं-तिघं. नवे माग आले, तोंड लावायचं राहिलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "तात्यांच्या वेळेला नाही." तात्या म्हणजे आजोबा.

"मग तात्या काही म्हणाले नाहीत कधी?"

"काय म्हणणार?" बाबा उठले. मला वाटलं आता टीव्ही लावणार, नेहमी तेच करतात. पण ते शोकेसपाशी गेले, काच सरकवली, धोटा बाहेर काढला. कपड्याने पुसला. डोळ्याच्या बाजूने नीट फिरवून बघितला आणि मैत्रिणीपुढे धरला.

"घे. टोक संभाळ, लागतं."

तिने दोन्ही हातांनी घेतला. तळव्यावर ठेवून जरा वर-खाली केला, भाजी घेताना आपण वजनाचा अंदाज घेतो तसा.

"जड आहे की काका."

"मग? मिनिटाला दीडशे वेळा जायचा तो इकडून तिकडे. हलका असून चालेल?" बाबा म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसून मागाचा फटका कसा बसतो ते हाताने दाखवायला लागले.